‘आयी’ आणि ‘आई’: मोठं मूल आणायला परदेशी जाताना

अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आम्हाला अकरा वर्षांचा मुलगा आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी दत्तक घ्यायचं मनात आहे. चीनमधून मोठी मुलं आणलेल्या कुटुंबांचे अनुभव वाचले, दोन आठवड्यांत सगळं उरकतं असं दिसतं. तो प्रवास नेमका कसा असतो? मुलाला बरोबर न्यावं का? पहिल्या दिवशी ती आमच्याशी कशी वागेल? आणि नाव बदललं तर चालेल का? सासूबाईंना बारसं करायचंय.’

आधी नकोशी बातमी सांगून टाकते. चीनचं दार बंद झालंय. ५ सप्टेंबर २०२४ रोजी चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी जाहीर केलं की यापुढे चिनी मुलं परदेशात दत्तक दिली जाणार नाहीत. अपवाद फक्त तीन पिढ्यांच्या आतल्या रक्ताच्या नात्यातल्या मुलांचा आणि सावत्र मुलांचा. खरं तर २०२० च्या सुरुवातीला कोविडमुळे प्रवास थांबले, ते बहुतेकांसाठी पुन्हा सुरू झालेच नाहीत. मूल ठरलेलं, फोटो फ्रिजवर लावलेला, खोली रंगवून झालेली, अशी शेकडो कुटुंबं अमेरिकेत होती. त्यातल्या दोन घरांशी मी अजून बोलते. त्यांच्या मनातल्या मुली आता मोठ्या झाल्या असतील, कुठे असतील कोण जाणे.

म्हणजे तुम्ही वाचलेत ते अनुभव १९९२ चा चिनी दत्तक कायदा लागू झाल्यापासून २०१९ पर्यंतचे. त्या काळात चीनमधून जगभर मिळून सुमारे १ लाख ६० हजार मुलं दत्तक गेली, त्यातली ८२ हजारांहून जास्त एकट्या अमेरिकेत आली. सुरुवातीला बहुतेक तान्ह्या मुली असत. नंतरच्या वर्षांत आजारपण किंवा व्यंग असलेली आणि वयानं मोठी मुलं वाढत गेली. मी या क्षेत्रात समाजसेविका म्हणून काम सुरू केलं तेव्हा हा बदल होतच होता. घरांची होम स्टडी करणं, म्हणजे मूल देण्याआधी त्या घराची आणि पालकांची नीट पाहणी करणं, आणि पालकांची तयारी करून घेणं हे माझं मुख्य काम. चार वेळा कुटुंबांसोबत चीनला गेलेही. मोठ्या मुलांबाबत मला जे काही कळतं ते बरंचसं त्या प्रवासांनी शिकवलं.

म्हणून चीन बंद असला तरी तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं मला महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते असं: जिला स्वतःची भाषा आहे, मैत्रिणी आहेत, झोपायची ठरलेली जागा आहे, अशा मुलीला परक्या माणसांनी तिच्या गावातून घरी कसं आणायचं? देश कोणताही असो, हा प्रश्न तोच राहतो. आणि ‘दोन आठवड्यांत उरकतं’ हा शब्दप्रयोग मला खटकला, तो तिथेच.

आधी वेळापत्रक सांगते. शनिवार-रविवारी कुटुंब त्या प्रांताच्या राजधानीत पोचायचं. सोमवारी नागरी व्यवहार कार्यालयात मुलाची भेट. त्याच दिवशी मूल तुमच्यासोबत हॉटेलवर यायचं. कागदोपत्री मध्ये चोवीस तास ठेवलेले असत, दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघून घ्यावं म्हणून. मंगळवारी नोंदणी, सह्या, अंगठ्याचे लाल ठसे, अनाथालयाला ३५ हजार युआनची देणगी. मग नोटरीचे कागद आणि मुलाचा पासपोर्ट यांची वाट बघण्यात तीन-चार दिवस. त्यानंतर अमेरिकन कुटुंबांना ग्वांगझूला जावं लागे, कारण दत्तक मुलांचा व्हिसा तिथल्याच वकिलातीतून मिळायचा. तिथे वैद्यकीय तपासणी, दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयरोगाची चाचणी, वकिलातीत शपथ, व्हिसा, आणि परतीचं विमान. अमेरिकेच्या विमानतळावर शिक्का बसला की, दत्तकविधी चीनमध्येच पूर्ण झालेला असल्यामुळे, मूल अमेरिकन नागरिक. ही सोय २००० च्या कायद्यानं झाली.

कागदाच्या बाजूनं ही व्यवस्था अतिशय चोख होती, हे मान्य करायला हवं. पण हेच वेळापत्रक नऊ वर्षांच्या मुलीच्या बाजूनं वाचा. रविवारी रात्री ती नेहमीच्या खोलीत झोपली. सोमवारी सकाळी कोणीतरी तिला नवे कपडे घातले, गाडीत बसवलं, आणि दुपारी ती तिच्या भाषेतला एक शब्दही न कळणाऱ्या माणसांसोबत हॉटेलच्या खोलीत होती. निरोप घ्यायला तिला किती वेळ मिळाला? बहुतेकींना मिळालाच नाही.

नान्निंगचा एक प्रसंग सांगते. ग्वांग्शी प्रांताची ही राजधानी. मुलगी दहा वर्षांची, पालक तुमच्यासारखेच अमेरिकेतले मराठी. चिनी कायद्यानुसार तेव्हा दहा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागायची. (पुढे २०२१ पासून नव्या नागरी संहितेत हे वय आठवर आलं.) टेबलापलीकडच्या बाईंनी तिला विचारलं, “नी युआनयी मा?” तुझी तयारी आहे का? खोलीत आम्ही आठ-नऊ मोठी माणसं होतो. एकाच्या हातात कॅमेरा. मुलीच्या मांडीवर शाळेचं गुलाबी दप्तर, त्याचा बंद तिनं बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तिनं खोलीभर नजर फिरवली, आणि सगळे आपल्यासाठी थांबलेत हे बघून म्हणाली, “युआनयी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज वाजवणार नाही.

हॉटेलवर येताना तिनं त्या आईचा हात धरून म्हटलं, “आयी.” आई ढसाढसा रडली. पहिल्याच दिवशी आपल्याला आई म्हणाली! मला आनंदावर पाणी घालवेना, पण संध्याकाळी सांगावंच लागलं. चिनी भाषेत ‘आयी’ म्हणजे मावशी, काकू. अनाथालयात सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं ‘आयी’च म्हणतात. ही मुलगी तिला दहा वर्षं माहीत असलेला, सगळ्यात भरवशाचा शब्द या नव्या बाईला देत होती. मला विचाराल तर ती फार मोठी भेट होती. ती आई रात्रभर विचार करत राहिली आणि सकाळी म्हणाली, “मग तिची आयी होते मी. आई नंतर बघू.” पुढे अमेरिकेत आल्यावर कधीतरी त्या दोन शब्दांतला फरक पुसला गेला. नेमका कधी, ते त्या घरात कोणालाच सांगता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. पहिल्या दिवशी ती कशी वागेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ते कशाकशावर अवलंबून असतं ते मात्र सांगता येतं. ती संस्थेत वाढली की सांभाळणाऱ्या कुटुंबात? कुटुंबात वाढलेलं मूल पहिले दिवस जास्त आक्रोश करतं, आणि ती चांगली खूण असते, कारण त्याला कुणावर तरी जीव लावता येतो. तिला तुमच्याबद्दल काय सांगितलंय? आधी कोणी येणार म्हणून आलेलंच नाही, असं तिच्याबाबतीत घडलंय का? आणि तिच्या मैत्रिणींपैकी कोणी आधी परदेशी गेलीय का?

यातला दुसरा मुद्दा मी एका चुकीतून शिकले. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबानं सुंदर अल्बम करून पाठवला होता: घर, कुत्रा, शाळा, आजी-आजोबा, प्रत्येक फोटोखाली चिनीत ओळ. अल्बम पोचला हे आम्ही विचारलं. तो मुलापर्यंत पोचला का, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तो कुठल्यातरी कपाटात राहिला. आठ वर्षांचा तो मुलगा सहलीला निघालोय असं समजून आनंदात आला होता. ग्वांगझूच्या शामियान बेटावर दत्तक कुटुंबं उतरत त्या प्रसिद्ध हॉटेलच्या लाल सोफ्यावर इतर मुलांसोबत हसत फोटोही काढून घेतला. त्या रात्री त्यानं दुभाष्याला विचारलं, “अजून किती झोपा झाल्या की परत जायचं?” त्यानंतर विमानात बसेपर्यंत तो काही खाल्लं तरी ओकत होता. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला सांगते: अल्बमची पोच घेऊ नका, मूल अल्बम बघतंय असा व्हिडिओ मागा. नाही आला तर पुन्हा मागा. चिकटपणा करा. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

नेहमी दिले जाणारे दुभाषे कागदांसाठी असतात, त्यांचं सगळं लक्ष सह्यांकडे असतं. म्हणून वेगळे पैसे द्यावे लागले तरी एक तास फक्त मुलीसाठी दुभाषी ठेवा, शक्यतो दुसऱ्या दिवशी, चहा-बिस्किटं घेऊन, जमिनीवर बसून. तिला विचारा: रात्री झोपताना शेजारी कोण असायचं? दिवा चालू की बंद? काय अजिबात आवडत नाही? कोणाला निरोप सांगायचा राहिलाय? आणि आमच्याबद्दल तुला काय सांगितलंय? शेवटच्या प्रश्नावर अनेकदा आपण गार पडतो. एका मुलीला कोणीतरी गमतीनं म्हटलं होतं की त्रास दिलास तर ते तुला परत पाठवतील. ती चार दिवस बाहुलीसारखी शहाणी वागत होती आणि आईवडील खूश होते, किती समजूतदार पोर म्हणून. अशा शहाणपणाची मला भीती वाटते. नव्याचे नऊ दिवस सरले, घर ओळखीचं झालं, की मग खरं रडणं, आदळआपट, खोटं बोलणं सुरू होतं. तेव्हा पालक मला घाबरून फोन करतात आणि मी त्यांना सांगते की तिला आता तुमच्याकडे रुसावंसं वाटतंय, म्हणजे तिची पाळंमुळं धरायला लागलीत.

भाषेची तयारी म्हणून पालक ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ पाठ करतात. ते ठीक आहे. त्याआधी पोटाचे आणि अंगाचे शब्द शिका: भूक, शू, दुखतंय, थंडी, भीती. आणि सगळ्यात आधी ‘नको’. चिनीत ‘बू याओ’. तिच्या भाषेतला ‘नको’ तुम्हाला समजला पाहिजे आणि तुमच्या भाषेतला ‘नको’ तिला म्हणता आला पाहिजे. ज्या मुलीला नको म्हणता येत नाही, तिचं हो कशाच्या आधारावर मोजायचं?

अनाथालयातून ती ज्या कपड्यांत येईल ते टाकू नका आणि लगेच धुऊही नका. पिशवीत नीट बांधून ठेवा. जुने, विटके, एखादा बूट फाटका, बघवत नाही हे मला माहीत आहे. पण त्या कपड्यांना तिच्या आधीच्या आयुष्याचा वास असतो, आणि अमेरिकेत एखाद्या रात्री तिला तोच लागतो. खाण्याचंही तसंच. हॉटेलच्या नाश्त्याला मुलं खिशात उकडलेली अंडी, पाव भरतात. ओरडू नका. तिला एक डबा द्या, तो तिच्या उशाशी राहू द्या, आणि तो कधीच रिकामा राहणार नाही एवढं बघा. मराठी घरांना इथे एक सोपी वाट आहे. दक्षिण चीनमध्ये सकाळी खातात ती तांदळाची पातळ पेज आपल्या कोकणातल्या पेजेसारखीच असते. त्या नान्निंगच्या मुलीनं आमटी, पोळी, पनीर, सगळं बाजूला सारलं होतं. आजीनं मऊ भात केला, वर मीठ आणि चमचाभर तूप. तूप तिनं चमच्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि भात दोनदा मागून घेतला.

ती जिथे वाढली ते ठिकाण बघायला जावं का? माझं मत जावं, पण मुलीला विचारून, आणि तिथून परत निघताना कोणी अचानक ओढून नेल्यासारखं होणार नाही अशी तयारी करून. काही मुलांना वाटतं की आपल्याला परत ठेवायला आणलंय. गाडीत बसण्याआधीच दुभाष्याकरवी सांगा: दोन तास थांबू, सगळ्यांना भेटू, आणि तिघं एकत्र परत हॉटेलवर जाऊ. तिथे तिचा पलंग, खिडकी, वर्ग, तिला सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा, सगळ्यांचे फोटो काढा. त्या बाईंशी पुढे संपर्क ठेवता येईल का ते नम्रपणे विचारा. सोळाव्या वर्षी ती तुम्हाला विचारेल तेव्हा हे फोटो तुमच्याकडे असतील तर असतील, नंतर मिळत नाहीत. वेळ कमी पडत असेल तर चीनची भिंत बघण्यासारखा सहलीचा किंवा खरेदीचा दिवस कापा, हा कापू नका.

तुमच्या मुलाबद्दल. अकरा वर्षांचा आहे, म्हणजे समजू शकतो. मी बहुतेक वेळा न्या म्हणते, एका अटीवर: तिसरं मोठं माणूस सोबत असेल तर. कारण पहिल्या आठवड्यात एक जण पूर्णपणे मुलीजवळ हवा, एक जण कागदांमागे धावत असतो, आणि मग मुलाला ‘आता नको, थांब’ याशिवाय काही ऐकू येत नाही. मी पाहिलंय की पत्त्यांचा एक कॅट दोन मुलांमध्ये ठेवला की अर्ध्या तासात दोघं एकमेकांची लबाडी पकडायला लागतात, त्याला भाषा लागत नाही. पण त्याला खरं सांगून न्या. ‘तुला बहीण आणायला चाललोय’ एवढ्यावर भागवू नका. ती रडेल, कदाचित तुला मारेल, तुझ्या वस्तू घेईल, आणि काही दिवस आई तुझ्यापेक्षा तिच्याजवळ जास्त असेल, हे आधी सांगा. दिवसातून अर्धा तास त्याच्या बाबांनी किंवा आजीनं फक्त त्याला घेऊन खाली फिरायला जावं. तो मुळात तयार नसेल, घरीच कुरकुरतोय असं असेल, तर न्यायच्या आधी थांबा. प्रवासाच्या आधीचं सहा महिन्यांचं बोलणं विमानात उरकता येत नाही.

नावाबद्दल माझं मत ठाम आहे: आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं नाव तिला न विचारता बदलू नका. चीनमध्ये अनेक अनाथालयं सगळ्या मुलांना एकच आडनाव देत, कुठे ‘दांग’ म्हणजे पक्ष, कुठे ‘गुओ’ म्हणजे देश. पालक म्हणायचे, हे कुठलं खरं नाव, एका कारकुनानं दिलेलं! पण ज्या नावानं मैत्रिणींनी जिन्यावरून हाका मारल्या ते नाव तिचंच असतं. ते राहू द्या, हवं तर मराठी नाव जोडा, आणि कोणतं वापरायचं ते तिला ठरवू द्या. एक मुलगी घरी चिनी नावानं आणि शाळेत मराठी नावानं तीन वर्षं राहिली, मग तिनं स्वतःच उलटापालट केली. सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा की बारशाची हौस मी समजू शकते. सहा-आठ महिने जाऊ द्या, मुलगी घरात रुळू द्या, मग तिच्याच पसंतीचा पदार्थ करून चार जवळची माणसं बोलवा. आल्या दिवशी दारात ताट, औक्षण, हॉलमध्ये पंधरा नातेवाईक हे नको. पंधरा तासांच्या विमानप्रवासानंतर तोंडासमोर पेटतं निरांजन आलं तेव्हा एक मुलगी किंचाळून जिन्याखाली लपली होती. ओवाळायचंच असेल तर आदल्या दिवशी व्हिडिओ दाखवा, किंवा आधी तुमच्या मुलाला ओवाळा आणि तिला बघू द्या.

आता पुढचा रस्ता. तुम्ही दोघं अजून भारतीय नागरिक असाल तर भारताकडे बघा. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांच्या बरोबरीनं धरतात. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर, होम स्टडी अमेरिकेतल्या अधिकृत संस्थेकडून, आणि दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, पूर्वी कोर्ट द्यायचं. आठ वर्षांवरच्या मुलासाठी पतीपत्नीच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते. तान्ह्या बाळासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात, मोठ्या मुलांसाठी पालक मिळत नाहीत. भाषा मराठी किंवा हिंदी असेल तर ‘नको’ तरी पहिल्या दिवसापासून समजेल. पण म्हणून सोपं जाईल असं समजू नका. निरोप तिलाही घ्यावाच लागणार, आणि इथे आल्यावर शाळा इंग्रजीच असणार. कोलंबियासारखे देश मोठ्या मुलांसाठी खुले आहेत, तिथे पालकांना काही आठवडे मुक्काम करावा लागतो. बरेच जण त्याला कंटाळतात. मला मात्र तो मुक्काम मुलांच्या फायद्याचा वाटतो, कारण तिच्या भाषेच्या, तिच्या हवेच्या जागेत तुम्ही परके असता आणि तिला तुम्हाला काहीतरी शिकवता येतं. एक मात्र लक्षात असू द्या: अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दत्तक मुलाचा अर्ज सोळावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत व्हावा लागतो. आठ-नऊ वर्षं मनात असतील तर तुमच्याकडे वेळ आहे, घाई करू नका. चीनमध्ये चौदाव्या वाढदिवसानंतर दत्तक जाता येत नसे, त्यामुळे वाढदिवसाच्या तोंडावर धावत गेलेली कुटुंबं मी पाहिलीत. ती धावपळ मुलांच्या वाट्याला फार येते.

तुमचं दोघांचं नागरिकत्व, वयं आणि राज्य कळवा. होम स्टडी राज्याच्या नियमांप्रमाणे बदलते, त्यामुळे पुढचं त्यानुसार सांगता येईल. आणि शक्य असेल तर मुलालाच त्याचे प्रश्न लिहायला सांगा. त्याला मी वेगळं उत्तर लिहीन.